लँडलाईन काढू नका, नको ते फोन काढा

आमच्या घरी अजून लँडलाईन आहे असं कोणाला सांगितलं की लोक दोन गोष्टी विचारतात, एक म्हणजे अजून कशाला ठेवली आणि दुसरं म्हणजे त्याच्यावर लोनवाल्यांशिवाय फोन येतो तरी कोणाचा. दुसरा प्रश्न खरा आहे, येतात, भरपूर येतात, पण त्यावर "कनेक्शन कट करून टाका ना" हे जे उत्तर जो तो देतो ते मला पटत नाही. त्रास देणारा दुसराच कोणीतरी आणि फोन बंद व्हायचा आमचा, असं कसं? म्हणून आज हे सगळं सविस्तर लिहितोय, कारण माझ्यासारखीच म्हातारे आई-वडील आणि जुना फोन असलेली घरं अमळनेर, पारोळा, चोपडा, धुळे सगळीकडे आहेत आणि त्यांना बरेचदा हे माहितच नसतं की या फोनवरही बरंच काही करता येतं.

आधी फोन का ठेवलाय ते सांगतो. खान्देशातलं असं एक घर दाखवा ज्याचं कोणी सुरतला नाही. आमचा दादा उधन्याला, दोन चुलतभाऊ लिंबायतला, आत्या नवापूरला. या सगळ्यांच्या डायऱ्यांमध्ये, कपाटाच्या आतल्या बाजूला पेनाने लिहिलेला आमचा नंबर हा ०२५८७ वालाच आहे. माझा मोबाईल नंबर दोनदा बदलला, दादाचा तर किती वेळा बदलला त्यालाच आठवत नसेल, पण घरचा नंबर तोच. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मोबाईल दिलाय, पण तो एकतर चार्ज नसतो नाहीतर उशीखाली सायलेंटवर असतो, आणि त्यांना कानाने कमी येतं, त्यात टचस्क्रीनवर बोट घासून फोन उचलायचा म्हणजे निम्म्या वेळा कटच होतो. लँडलाईनची रिंग मोठी, रिसिव्हर हातात धरला की कानाला नीट बसतो, उचलला की चालू ठेवला की बंद, विषय संपला. माय तर मोबाईलवर बोलतच नाही, तिला वाटतं त्याच्यात आवाज पोचत नाही.

आता त्रासाचं स्वरूप. फोन येतो कधी, तर दुपारी दोन-अडीचला. मे महिन्यात अमळनेरला पारा चव्वेचाळीसच्या वर गेलेला असतो, कूलर लावून, पडदे ओढून सगळे आडवे झालेले असतात आणि मधल्या खोलीत रिंग वाजते. आबा उठतात. त्यांचं उठणं म्हणजे आधी कुशीवर होणार, मग खाटेच्या काठाला धरून बसणार, पायाने चप्पल शोधणार, मग भिंतीला हात लावत लावत फडताळापर्यंत जाणार. गुडघे गेलेले आहेत, मधे उंबरा आहे. रिंग वाजते तसे ते घाई करतात, कारण त्यांच्या डोक्यात एकच असतं की सुरतहून पोराचा असेल. आणि तिथं पोचून रिसिव्हर उचलला की पलीकडून रेकॉर्ड केलेला आवाज, नमस्कार, आपल्याला पाच लाखांपर्यंतचं पर्सनल लोन मंजूर झालंय. किंवा कधीकधी तर काहीच नाही, नुसती शांतता आणि मग टूं टूं टूं. माझा जीव त्या उंबऱ्यापाशी अडकतो. लोकांना वाटतं लोनचा एक फालतू फोन, त्यात काय एवढं, ठेवून द्यायचा. ऐंशी पार केलेला माणूस झोपेतून उठून घाईघाईने चालतोय आणि खुबा मोडला तर पुढचं सगळं आयुष्य खाटेवर, हे ज्यांनी घरात बघितलंय त्यांना विचारा त्यात काय एवढं ते.

आबांना मी म्हटलं पण होतं की दुपारचा फोन तुम्ही उचलू नका, मी घरी असलो तर मी बघेन. त्यांनी एकच विचारलं, "सुरतहून पोऱ्याना फोन ऊना ते?" म्हणजे पोराचा फोन आला तर? याला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि खरं सांगायचं तर ते बरोबर बोलत होते, फोन वाजला की उचलायचा, तेवढ्यासाठीच तर तो ठेवलाय.

ते जे ब्लँक कॉल येतात ना, त्यांच्याबद्दल आधी सांगतो कारण आमच्याकडे त्यावरून फार काहीबाही समज होते. शेजारच्या काकूंना वाटायचं की घरात कोणी आहे की नाही ते चोर बघतायत. बहुतेक वेळा प्रकार वेगळा असतो. कॉल सेंटरमध्ये माणूस स्वतः नंबर फिरवत बसत नाही, कॉम्प्युटरच नंबर लावतो, आणि तो मुद्दाम बोलणाऱ्या माणसांपेक्षा जास्त नंबर एकाच वेळी लावतो कारण त्यातले बरेच जण उचलणारच नाहीत असा त्याचा हिशोब असतो. मग हिशोबापेक्षा जास्त जणांनी उचलला की तुमच्याशी बोलायला तिकडे माणूसच मोकळा नसतो, म्हणून शांतता आणि मग कट. म्हणजे त्यांच्या एजंटची दोन मिनिटं वाया जाऊ नयेत म्हणून माझ्या म्हाताऱ्या बापाने भिंत धरून चालत यायचं. याचा मला खरंच राग येतो.

तर आम्ही काय काय केलं. सगळ्यात आधी १९०९. हा नंबर मोबाईलवाल्यांना माहित असतो, डीएनडीसाठी, म्हणजे जाहिरातीचे फोन नकोत अशी नोंद करायला, एसएमएस करायचा वगैरे, पण लँडलाईनवरूनही तो लागतो आणि फुकट लागतो हे फार कमी लोकांना माहित आहे. ज्या फोनवर जाहिरातीचे कॉल नकोत त्याच फोनवरून १९०९ लावायचा, कारण नोंद त्या नंबरची होते, माणसाच्या नावाची नाही. माझ्या मोबाईलवर डीएनडी चालू आहे म्हणजे घरच्या फोनवरही झालं असं होत नाही. तिथं सगळंच बंद करता येतं किंवा प्रकार निवडता येतात, बँक-विमा-कर्ज वेगळं, जागा-प्लॉट वेगळं, शिक्षण वेगळं, आरोग्य, गाड्या, पर्यटन असं. आम्ही सरसकट सगळं बंद केलं. आबांना नाशिकमध्ये प्लॉट घ्यायचा नाही आणि मायला क्रेडिट कार्ड नकोय, मग एखादा प्रकार चालू ठेवायचाच कशाला. नोंद झाली की जो रेफरन्स नंबर सांगतात तो लिहून ठेवा, नंतर वाद झाला तर तोच दाखवायचा असतो.

डीएनडी ही काही नवीन भानगड नाही, ट्रायने, म्हणजे टेलिफोन कंपन्यांवर नियम लावणाऱ्या सरकारी संस्थेने, पहिला नियम २००७ ला आणला, मग २०१० ला बदलला, मग २०१८ ला पूर्ण नवीन केला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यात आणखी कडक सुधारणा केल्या. या शेवटच्या सुधारणा आपल्या कामाच्या आहेत म्हणून सांगतो. आधी नको तो कॉल आला तर तीन दिवसांच्या आत तक्रार करावी लागायची, आता सात दिवसांपर्यंत करता येते. म्हणजे मी आठवडाभर बाहेरगावी असलो तरी आल्यावर बसून तक्रार टाकू शकतो. दुसरं, जो टेलिमार्केटर म्हणून नोंदणीकृतच नाही आणि साध्या नंबरवरून फोन करतो, त्याच्याविरुद्ध तक्रार करायला तुमची डीएनडीची नोंद असणंसुद्धा आता गरजेचं नाही. तिसरं, अशा माणसावर कारवाई करायला टेलिफोन कंपनीला आधी तीस दिवस मिळायचे, आता पाच. आणि दहा दिवसांत एकाच नंबराविरुद्ध पाच तक्रारी आल्या तरी कारवाई सुरू करायची आहे, पूर्वी त्यासाठी सात दिवसांत दहा लागायच्या. हा आकडा लक्षात घ्या, पाच. म्हणजे आपण "माझ्या एकट्याच्या तक्रारीने काय होणार" म्हणून गप्प बसतो तिथं खरं तर आपल्यासारखी पाच घरं बोलली तरी तो नंबर अडचणीत येतो. पहिल्या वेळी पंधरा दिवस त्याचे बाहेर जाणारे कॉल बंद, पुन्हा केलं तर वर्षभरासाठी सगळी कनेक्शनं तोडून काळ्या यादीत. आणि टेलिफोन कंपन्यांनी स्पॅमचे आकडे चुकीचे कळवले तर त्यांना दोन लाख, मग पाच लाख, मग दहा लाख असा दंड ठेवलाय. तक्रार करायला ताकद आहे बघा, फक्त ती केली पाहिजे.

पण तक्रार करायची तर कोणत्या नंबरवरून फोन आला ते कळायला हवं ना, आणि आमचा जुना डबा म्हणजे त्याला स्क्रीनच नव्हता. म्हणून दुसरं काम केलं ते कॉलर आयडीचं. बाजारात स्क्रीनवाला फोन साधारण हजार-दीड हजारात मिळतो, पण नुसता फोन आणून भागत नाही, लाईनवर कॉलर आयडीची सुविधा चालू असावी लागते, ती कंपनीकडून करून घ्यायची. आमच्याकडे तांब्याची तार जाऊन फायबर आलं तेव्हाच हे करून घेतलं, नंबर तोच राहिला, फक्त फोन आता त्या फायबरच्या डब्याच्या मागे लावतात. यात एक गोष्ट आधी कोणी सांगत नाही म्हणून इथं सांगतो, जुन्या तारेच्या फोनला वीज एक्स्चेंजकडूनच यायची, त्यामुळे घरात लाईट नसली तरी फोन चालायचा. फायबरचा डबा घरच्या विजेवर चालतो. लाईट गेली की फोन मुका. आमच्याकडे उन्हाळ्यात लाईटचा काय भरवसा, म्हणून तो डबा इन्व्हर्टरवर घेतला. म्हाताऱ्या माणसांसाठी फोन ठेवला असेल तर हे कराच.

नवीन फोनवर नाव साठवता येतं, रिंग वेगळी ठेवता येते काही मॉडेलमध्ये, आणि मोठ्या आकड्यांचा स्क्रीन मुद्दाम बघून घेतला. दादा, आत्या, चुलतभाऊ, डॉक्टर, मी, असे नंबर त्यात भरले. भरताना मोबाईल नंबराच्या आधी शून्य टाका, जानेवारी २०२१ पासून लँडलाईनवरून मोबाईलला फोन करायचा तर आधी शून्य लागतोच, नाहीतर बटण दाबूनही लागत नाही आणि म्हातारी माणसं म्हणतात फोन बिघडला. सगळ्यात जास्त फरक कशाने पडला असेल तर ज्या फोनला वेगळी रिंग लावता येते त्याने, ओळखीच्या नंबरांची रिंग वेगळी आणि बाकीच्यांची वेगळी. आता दुपारी साधी रिंग वाजली की आबा पडूनच म्हणतात, "वाजू दे." आणि घरच्यांची वाजली की उठतात, सावकाश उठतात, कारण दादाला सांगून ठेवलंय की लगेच कट करायचं नाही, लांब रिंग द्यायची आणि उचलला नाही तर पाच मिनिटांनी परत लावायचा.

फोनशेजारी एक वही ठेवलीय, शाळेची शंभर पानी, तिला पेन सुतळीने बांधलेला आहे कारण पेन कोणीतरी उचलून नेतंच. नको तो फोन आला की आलेला नंबर, तारीख, वेळ आणि काय म्हणाले ते एका ओळीत. मायचं अक्षर मोठं आणि सुटं सुटं आहे, ती लिहिते "लोन. बाई होती. हिंदी." तेवढं पुरतं. आठवड्यातून एकदा मी वही घेऊन बसतो आणि त्याच फोनवरून १९०९ लावून एकेक तक्रार सांगतो. वेळ जातो, ते ताटकळत ठेवतात, कधी लाईनच लागत नाही, पण वहीमुळे एक झालं, आकडे आमच्या हातात आले. एकच नंबर वेगवेगळ्या वारी आला की दिसतं. एकदा तक्रार विभागातून फोन आला की तुम्ही सांगता तसा कॉल झाल्याचं दिसत नाही, तेव्हा मी वहीतून तारीख वेळेसकट वाचून दाखवलं आणि मग तक्रार पुढे गेली.

नंबरांचं एक समजून घ्या म्हणजे स्क्रीन बघून निम्मं काम होतं. जाहिरातीच्या कॉलसाठी १४० ने सुरू होणारे नंबर आहेत. बँका, विमा वगैरेंच्या खऱ्या सेवेच्या कॉलसाठी १६०० ची सिरीज दिलीय, आणि रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ मध्ये बँकांना सांगितलंय की ग्राहकाला कामाचा फोन करायचा तर १६०० वरून आणि जाहिरात करायची तर १४० वरून. म्हणजे कोणी साध्या दहा आकडी मोबाईल नंबरवरून "बँकेतून बोलतोय" म्हटलं तर तिथंच सावध व्हायचं. मायला हे असं शिकवलं, एक चार शून्य, जाहिरात. तिने वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवलंय.

डीएनडीने काय झालं तर सरळ धंदेवाले, नोंदणीवाले कमी झाले, बऱ्यापैकी कमी झाले. राहिले ते दोन प्रकारचे, एक लहानमोठे एजंट जे कोणाच्याही मोबाईलवरून फोन फिरवतात, त्यांच्यासाठी वही आणि तक्रार. आणि दुसरे चोर. चोराला डीएनडीचं काय सोयरसुतक, तो काही ट्रायच्या यादीत बघून फोन करत नाही. याच्याबद्दल जरा जास्त बोलावं लागेल.

लँडलाईनवर फोन आला म्हणजे उचलणारा माणूस वयस्कर आहे हे आता त्यांना पक्कं कळलंय. आमच्या गल्लीत एका निवृत्त गुरुजींना असाच फोन आला, रेकॉर्ड केलेला आवाज, आम्ही ट्रायमधून बोलतोय, तुमचे सगळे फोन दोन तासांत बंद होणार आहेत, अधिक माहितीसाठी ९ दाबा. गुरुजींनी ९ दाबला. पुढे एक माणूस बोलायला लागला, अगदी अदबीने, तुमच्या आधारवर मुंबईत एक सिम घेतलंय आणि त्यावर गुन्हा दाखल आहे, मी तुमची लाईन पोलिसांना जोडून देतो. मग पोलीस. मग म्हणाले व्हॉट्सॲप नंबर द्या, व्हिडिओवर जबाब घ्यायचाय. गुरुजी घाबरून मोबाईल शोधत होते तेवढ्यात त्यांची सून शेतातून आली म्हणून वाचले, तिने रिसिव्हर हातातून घेऊन ठेवून दिला. गुरुजी नंतर दोन दिवस नीट जेवले नाहीत, घराबाहेर पडले नाहीत. आयुष्यभर ज्या माणसाचं नाव गावात आदराने घेतात त्याला कोणीतरी फोनवर तू गुन्हेगार आहेस म्हणतो, हे त्यांच्या जिव्हारी लागलं. पैसे गेले नाहीत म्हणून पोरं म्हणाली सोडा आता, पण मला वाटतं काहीतरी गेलंच.

तर हे घरातल्या प्रत्येकाला ठासून सांगा, ट्राय किंवा दूरसंचार विभाग कोणालाही फोन करून "तुमचा फोन बंद करतो" असं सांगत नाही. आणि डिजिटल अरेस्ट म्हणून जे घाबरवतात तसा काही प्रकार कायद्यात नाहीच, २७ ऑक्टोबर २०२४ च्या मन की बातमध्ये पंतप्रधानांनीही हेच सांगितलं होतं, थांबा, विचार करा, मग पाऊल उचला. कोणताही पोलीस व्हिडिओ कॉलवर बसवून ठेवून चौकशी करत नाही आणि खातं तपासायला पैसे दुसऱ्या खात्यात टाकायला लावत नाही.

शेतकरी घरांना वेगळेच फोन येतात. सोलर पंप मंजूर झालाय, प्रोसेसिंग फी भरा. पीक विम्याचे पैसे अडकलेत, खातं नंबर सांगा. आज रात्री साडेनऊला लाईट कट होणार, बिल अपडेट नाही, या नंबरवर बोला. मागेल त्याला सौर कृषी पंप या योजनेत शेतकऱ्याचा हिस्सा दहा टक्के आहे, अनुसूचित जाती-जमातीला पाच टक्के, आणि तो महावितरणच्या पोर्टलवरून भरायचा असतो, कोणा साहेबाच्या मोबाईल नंबरवर नाही. एवढं माहित असलं तरी तो फोन तिथंच संपतो. पण पाऊस लांबलेला असतो, कपाशी सुकत असते, विहिरीवर मोटार असून लाईट रात्रीची असते, अशा वेळी पंप मंजूर झाला म्हणून फोन आला तर माणसाला तो खरा असावा असंच वाटतं. त्यात माणसाचा काय दोष, फसवणारा नेमकी ती वेळ धरतो.

आणि ओटीपी लँडलाईनवर येत नाही म्हणून आपण सुरक्षित असं समजू नका. ते बोलतात लँडलाईनवर आणि सांगतात की आजोबा, तुमच्या मोबाईलवर एक नंबर आलाय तो जरा वाचून दाखवा. दोन फोन, दोन हात, पलीकडे गोड बोलणारा माणूस, म्हातारं माणूस वाचून दाखवतं.

विदेशातून येणारे कॉल भारतीय नंबरासारखे दिसतात हाही एक प्रकार आहे, म्हणजे स्क्रीनवर +९१ दिसतो पण फोन बाहेरच्या देशातून असतो. ते अडवणारी यंत्रणा दूरसंचार विभागाने ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू केली आणि पहिल्या चोवीस तासांतच साधारण १ कोटी ३५ लाख असे कॉल अडवल्याचं सरकारने सांगितलं होतं. यावरून अंदाज येतो की हा धंदा केवढा आहे. तेव्हा स्क्रीनवर आपल्याकडचा नंबर दिसला म्हणून फोन आपल्याकडचाच असं धरून चालू नका.

असा संशयास्पद फोन आला पण पैसे गेले नाहीत तर दूरसंचार विभागाच्या संचार साथीवर चक्षू म्हणून सोय आहे, मार्च २०२४ पासून, तिथं कळवायचं. हे पोर्टलवर किंवा ॲपवर असतं त्यामुळे घरातल्या तरुण माणसाने करायचं काम आहे. पैसे गेले असतील तर मात्र बाकी काहीच करत बसायचं नाही, १९३० ला फोन, ती सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाईन आहे. लगेच. नातेवाईकांना विचारू, उद्या बँक उघडली की बघू, पोरगा संध्याकाळी येईल, असं करू नका, कारण पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात जातात आणि काढून घेण्याआधी गोठवायचे असतील तर सुरुवातीचे तासच हातात असतात. १९३० हा आकडा आमच्या फोनच्या वर भिंतीवर स्केचपेनने लिहिलाय, १९०९ त्याच्या खाली. लाज वाटून लपवणारे खूप आहेत, घरचे रागावतील म्हणून सांगत नाहीत. म्हणून मायला आणि आबांना मी आधीच सांगून ठेवलंय की काहीही झालं तरी पहिले मला सांगा, कोणी एक शब्द बोलणार नाही. आणि घरातल्या पोरांनाही बजावलंय की आजी-आजोबांना फोनवरून हसायचं नाही.

सगळ्यात अवघड काय होतं सांगू, आबांची माणुसकी. आमच्याकडे दारात आलेल्याला पाणी विचारल्याशिवाय पाठवत नाहीत, तीच सवय फोनवर. पलीकडून कोणी पोरगी बोलायला लागली की आबा विचारतात, "कोनता गावनी शे बेटा तू? जेवनी का?" ती बिचारी गोंधळते, आबा तिला आपलं गाव सांगतात, शेती सांगतात, किती पोरं सांगतात, सुरतला कोण आहे ते सांगतात. कॉल सेंटरच्या पोरीबद्दल माझं काही म्हणणं नाही, ती पोटासाठी करते, तिला दिवसभर लोकांच्या शिव्या खाव्या लागतात, आबांसारखं कोणी बोललं तर तिला बरंच वाटत असेल. पण हीच माहिती चोराच्या हाती लागली तर? सुरतला मुलगा आहे, नाव अमुक, हे कळलं की दुसऱ्या दिवशी फोन येऊ शकतो की तुमच्या मुलाचा ॲक्सिडेंट झालाय, पैसे पाठवा.

म्हणून आबांना बोलू नका असं सांगायचं सोडलं आणि एक वाक्य दिलं. "माले काही नको बेटा, फोन ठेवस." बस. त्यात बेटा आहे, मान आहे, आणि फोन ठेवणंही आहे. त्यांना ते जमलं कारण त्यात कोणाचा अपमान नाही. त्यांच्या स्वभावाविरुद्ध काही शिकवलं असतं तर त्यांनी ते केलं नसतं. आणि मुलाचा ॲक्सिडेंट वगैरे फोनसाठी घरात एक शब्द ठरवलाय, तो फक्त आम्हा घरच्यांना माहित आहे, पैसे मागणाऱ्याने तो सांगितला नाही तर फोन ठेवून द्यायचा आणि दादाच्या साठवलेल्या नंबरवर आपण स्वतः फोन करायचा. माय तर आता उत्साहाने वाट बघते की कधी कोणी विचारतं.

नंबर बाहेर जातो कसा याचाही विचार केला पाहिजे. आखाजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दिवाळीला दुकानांत लकी ड्रॉची कुपनं भरतो, त्यावर नाव, पत्ता, फोन. टीव्ही-फ्रीज घेतला की वॉरंटी कार्ड. पोरांच्या क्लासची चौकशी केली की फॉर्म. पिठाच्या गिरणीपासून प्रदर्शनातल्या स्टॉलपर्यंत सगळ्यांना आपण नंबर देत आलोय. जुन्या काळी तर नंबर डिरेक्टरीतच छापलेला असायचा, तेव्हा त्याचं काही वाटत नव्हतं कारण हजारो नंबर एका झटक्यात लावणारं मशीन नव्हतं. आता मी घरात नियम केलाय, लँडलाईनचा नंबर फक्त नातेवाईक, डॉक्टर आणि बँक यांनाच. कुपनावर द्यायचाच असेल तर माझा मोबाईल, तिथं मी बघून घेईन. २०२३ ला डिजिटल पर्सनल डेटाचा कायदा झालाय, पण कागदावर घेतलेला आणि कागदावरच राहिलेला नंबर त्यात येत नाही, कॉम्प्युटरवर चढवला की येतो, आणि दुकानदार तो पुढे कोणाला देतो हे आपल्याला कुठे दिसतं, म्हणून आपणच हात आखडता घेतलेला बरा.

एक तक्रार मात्र आहेच. सगळं काही मोबाईलवाल्यांना धरून केलेलं आहे. ट्रायचं डीएनडी ॲप मोबाईलवर आलेल्या कॉलसाठी, त्यात एक बटण दाबलं की तक्रार जाते. माय-आबांच्या फोनसाठी मात्र फोन लावा, ताटकळत रहा, एकेक नंबर तोंडी सांगा. ज्या माणसांना सगळ्यात जास्त त्रास होतो, जी सगळ्यात जास्त फसवली जातात, त्यांच्याच हातातल्या फोनवर सगळ्यात कमी सोयी. निदान कॉलर आयडी प्रत्येक लँडलाईनला आपोआप चालू करून द्यायला काय हरकत आहे? आणि स्पॅम म्हणून तक्रार झालेला नंबर कंपनीच्या एक्स्चेंजमध्येच अडवता येतो, तो माझ्या घरापर्यंत येऊन वाजायची गरज काय? मी हे कंपनीला लेखी दिलंय, उत्तर आलेलं नाही, पुन्हा देणार आहे.

फोन पूर्ण थांबलेत असं नाही. वहीत अजून नोंदी होतात, पण पूर्वी पान भरायचं तिथं आता दोन-तीन ओळी. पारोळ्याच्या मावशीकडे अजून जुना डबा आणि तांब्याची तार आहे, स्क्रीन नाही, आणि तिला तर दिवसातून कितीतरी फोन येतात. तिच्या लाईनवर कॉलर आयडीसाठी अर्ज देऊन आलोय, स्क्रीनवाला फोन घेऊन ठेवलाय, रविवारी जाऊन जोडून देतो आणि तिथूनच, तिच्याच फोनवरून, १९०९ लावतो.